हा चितळकर कोण?

(१९७४ च्या अकरावीच्या तुकडीच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे. माईक दोनदा बंद पडला तेवढा भाग गाळला.)

पन्नास वर्षांनी पुन्हा त्याच बाकांवर कोंबून बसलेल्या माझ्या वर्गमित्रांनो, मैत्रिणींनो,

मला पंधरा मिनिटं दिली आहेत. बँकेत सदतीस वर्षं काढलेल्या माणसाला वेळेचं महत्त्व सांगायला नको असं संयोजकांना वाटलं असावं. पण ज्यांनी कधी बँकेत खेटे घातलेत त्यांना ठाऊक आहे, की पंधरा मिनिटं म्हणजे बँकेत किती असतात.

विषय मीच मागून घेतला. 'शाळेने मला काय दिलं' यावर सात जण बोलणार आहेत, त्यामुळे तो विषय सुरक्षित आहे. मी बोलणार आहे एका गायकावर. त्याचं गाणं तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय, त्याच्यावर नाचलाही आहात, आणि निम्म्यांना त्याचं नाव सांगता येणार नाही.

सुरुवात आमच्या घरातल्या रेडिओपासून करतो. मंडईच्या मागच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या. खाली बारा यंत्रमागांचा कारखाना. भिवंडीत वाढलेल्यांना वेगळं सांगायला नको, आपण सगळे मोठ्याने बोलतो ते त्यामुळेच. लग्न होऊन पुण्याला गेलेल्या आपल्या मैत्रिणींना सासरी पहिल्यांदा विचारलं गेलं असेल, 'भांडता कशाला?' रात्री वीज गेली आणि माग थांबले, की आम्ही पोरं दचकून जागी व्हायचो. शांततेने झोपमोड होणारं गाव दुसरं कुठे असेल मला माहीत नाही. तर अशा त्या खटखटीत वडील रेडिओला कान लावून बसायचे. एकदा 'आझाद'मधलं दिलीपकुमार आणि मीनाकुमारीचं द्वंद्वगीत लागलं, 'कितना हसीं है मौसम'. वडील म्हणाले, तलत महमूद. शेजारचे काका म्हणाले, आवाज तसाच आहे, पण तलत नाही. चार आण्यांची पैज लागली. गाणं संपलं आणि निवेदक म्हणाला, लता मंगेशकर आणि चितळकर.

वडिलांनी चार आणे दिले, पण चेहरा पडला. म्हणाले, "हा चितळकर कोण?"

मग निवेदकाने सांगितलं, संगीतकार सी. रामचंद्र. वडील लगेच खुलले. "सी. रामचंद्र! तो मोठा माणूस." दोन्ही माणसं एकच आहेत हे त्यांना कळायला आणखी काही वर्षं लागली. मलाही.

रामचंद्र नरहर चितळकर. जन्म १२ जानेवारी १९१८, अहमदनगर जिल्ह्यातलं पुणतांबे. गाणं शिकले पुण्याला, गंधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांकडे. म्हणजे घराणं कुठलं ते बघा, ग्वाल्हेरची शिस्त. सिनेमात गेले ते मात्र हिरो व्हायला. १९३५ साली 'नागानंद' नावाच्या चित्रपटात नायक झाले, तो चित्रपट आपटला. मग मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये बारीकसारीक कामं आणि पेटी वाजवणं. संगीत द्यायची पहिली संधी मिळाली तीही तमिळ चित्रपटांत. पुढे गाठ पडली मास्टर भगवान यांच्याशी, आणि १९४२ च्या 'सुखी जीवन'पासून हिंदीत बस्तान बसलं.

भगवानदादा म्हणजे भगवान आबाजी पालव. गिरणी कामगाराचा मुलगा. स्वतःही मजुरी केलेला. आपल्या गावाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. सुताच्या धंद्यातून सुटायला माणूस काहीही करतो. काही जण तर शिकतातसुद्धा.

आता नावांची गंमत पाहा. या एका माणसाने काही चित्रपटांना संगीत दिलं राम चितळकर म्हणून, काहींना अण्णासाहेब म्हणून, एकाला श्यामू म्हणून. मोठ्या चित्रपटांना सी. रामचंद्र. आणि स्वतः गायचे तेव्हा नुसते चितळकर. आमच्या बँकेत असं खातं कुणी उघडायला आला असता तर मी त्याला साहेबांकडे पाठवलं असतं. पण त्या काळी गवय्याने एका नावाने मान मिळवायचा आणि दुसऱ्या नावाने पोट भरायचं, ही रीत होती असं मला वाटतं. हा माझा अंदाज. गंमत एवढीच, की यांच्या बाबतीत पोट भरणाऱ्या नावाखाली जे गायलं गेलं, तेच लोकांच्या तोंडी राहिलं.

काय गायलं? १९४७ च्या 'शहनाई'मध्ये रविवारी भेटायला बोलावणाऱ्या साहेबाचं गाणं, 'आना मेरी जान संडे के संडे'. त्यात चक्क शिट्टी वाजते. १९४९ च्या 'पतंगा'त शमशाद बेगमबरोबर 'मेरे पिया गये रंगून', नवरा परदेशात आणि टेलिफोनवर संसार. पडद्यावर गोप आणि निगार सुलताना. आणि १९५१ चा 'अलबेला'. त्या चित्रपटातल्या 'शोला जो भडके'ला लोक पडद्यावर पैसे फेकायचे असं आपल्या आधीची पिढी सांगते. आमच्या वडिलांनी फेकले नसणार. चार आणे हरले होते तेव्हा तो चेहरा मी पाहिलाय.

ही गाणी गाताना चितळकरांनी आवाजाचं काय केलं ते ऐका कधी. दणकट नाही, पल्लेदार नाही. थोडा नाकातला, थोडा खट्याळ, जणू बाजूला उभा राहून कुणीतरी कोपराने ढोसतोय. बोलता बोलता गातो आणि गाता गाता बोलतो. पेटीवर वाढलेल्या, ग्वाल्हेरची तालीम घेतलेल्या माणसाने हे मुद्दाम केलेलं आहे. बेनी गुडमनच्या जाझवर त्यांचा जीव होता. सॅक्सोफोन, गिटार, माउथ ऑर्गन एकत्र आणले. 'शोला जो भडके'ला बोंगो, ट्रंपेट, क्लॅरिनेट. त्यांच्या ताफ्यात गोव्याचे वादक होते. चिक चॉकलेट नावाने ओळखले जाणारे आंतोनियो वाझ ट्रंपेट वाजवायचे. 'अलबेला'त ते आणि त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. म्हणजे पुणतांब्याचा मराठी माणूस, गोव्याचे ख्रिस्ती वादक, दादरचे भगवानदादा, राजेंद्र कृष्ण यांची हिंदी आणि गीता बालीचा पंजाबी ठसका. आपल्या तीन बत्तीला संध्याकाळी सहा वाजता उभं राहिलं की जेवढ्या भाषा ऐकू येतात, तसा तो सगळा प्रकार होता.

आणि १९५७ साली आला 'आशा'. गाणं 'ईना मीना डीका'. गाणारे किशोरकुमार, आणि तेच गाणं आशा भोसल्यांच्या आवाजातही. म्हणे गाण्याच्या खोलीबाहेर पोरं खेळताना इंग्रजी 'अडम तडम' म्हणत होती, त्यावरून ते सुचलं. साहाय्यक जॉन गोम्स यांनी त्यात कोकणी शब्द मिसळले, असंही सांगतात. आपल्याकडे 'अडम तडम' करून राज्य कुणावर द्यायचं ते ठरवायचो. शाळेच्या मागच्या चिंचेखाली. आठवतंय ना? आणि मोजणारा नेहमी स्वतःला वाचवायचा. ती व्यक्ती इथे चौथ्या रांगेत बसली आहे, निवृत्त पोलीस अधिकारी आहे, नाव घेत नाही.

तर या गाण्यांवर त्या वेळी शिकलेल्या लोकांचं मत काय होतं? उथळ. वाह्यात. परकं. एवढंच नव्हे, १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. ते पुण्याचे, म्हणजे आपलेच. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? रेडिओ सिलोन लावला. शेवटी १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू करावी लागली. ज्या वर्षी 'ईना मीना डीका' आलं, त्याच वर्षी. मला हा योगायोग फार आवडतो. त्यातून काही सिद्ध होत नाही, नुसता आवडतो.

मी गाण्यातला जाणकार नाही. पण एक शंका मला बरीच वर्षं छळते आहे, ती इथे मांडतो. संगीताचे सर आज हयात असते तर त्यांना विचारली असती. तराणा असतो. त्यातल्या अक्षरांना रूढ अर्थ नसतो. बुवा ते गातात आणि आपण डोळे मिटून माना हलवतो. पोवाड्याला झिलकरी सूर धरतात, त्या सुरातल्या अक्षरांनाही अर्थ नसतो, तिथे आपल्या अंगावर काटा येतो. मग कोट घातलेल्या माणसाने ऑर्केस्ट्रासमोर उभं राहून अर्थ नसलेली अक्षरं म्हटली, की तेवढीच वाह्यात कशी होतात? अमेरिकेत लुई आर्मस्ट्राँगबद्दल सांगतात, की १९२६ मध्ये ध्वनिमुद्रण चालू असताना गाण्याचा कागद हातातून पडला, आणि तो अडून न बसता तोंडाला येतील ती अक्षरं गात सुटला. खरं असो, खोटं असो, पण त्या पद्धतीला तिकडे कला म्हणतात आणि त्यावर पुस्तकं लिहितात.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा. ज्यांना ही गाणी आवडली, त्यांनीही चितळकरांना नीट ओळखलं नाही. म्हणजे नाकं मुरडणाऱ्यांनी एक अन्याय केला आणि टाळ्या वाजवणाऱ्यांनी दुसरा. याच माणसाने १९५३ ला 'अनारकली'ला संगीत दिलंय. याच माणसाने १९५९ ला शांतारामबापूंच्या 'नवरंग'ला. माडगूळकरांच्या 'गीतगोपाल'ला. १९७० मध्ये मराठीत 'घरकुल' आला, तेव्हा आपण शाळेतच होतो. त्यात 'कोन्यात झोपली सतार' आहे आणि त्यातच फैयाजबाईंनी गायलेलं 'हाउस ऑफ बांबू' आहे. दोन्हींना संगीत एकाच माणसाचं. आपल्या वर्गातल्या मुली पहिलं म्हणायच्या आणि मुलं दुसरं. आम्हाला वाटायचं, दोन वेगळ्या चित्रपटांतली गाणी आहेत.

आणि २७ जानेवारी १९६३. दिल्लीचं नॅशनल स्टेडियम. चीनच्या युद्धाला दोनच महिने झालेले. कवी प्रदीप यांचं गीत, लताबाईंचा आवाज, समोर पंडित नेहरू. 'ऐ मेरे वतन के लोगों'. दर प्रजासत्ताकदिनी आपण ते ऐकतो. लताबाई आठवतात, प्रदीप आठवतात, नेहरूंच्या डोळ्यांतलं पाणी आठवतं. चाल कुणाची, असं मी आमच्या बँकेत एकदा एका २६ जानेवारीला विचारलं होतं. ध्वजवंदनाला अठरा माणसं होती. दोघांना माहीत होतं. त्यातला एक मी. दुसऱ्याला मी 'संडे के संडे'वालाही तोच, असं सांगितलं तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पवित्र जागी चप्पल घालून आलोय.

हे सगळं मी आज का सांगतोय, हे आता सांगतो. इथपर्यंतचं भाषण पाठ केलं होतं. पुढचं नाही.

आपल्या वर्गात एक मुलगा होता. तुम्ही सगळे ओळखता, आणि तो आज आला आहे. नाव घेणार नाही, कारण परवानगी मागितली तर नाही म्हणाला असता. तो तोंडाने अख्खा कारखाना चालवायचा. आधी पट्टा फिरल्याची घरघर, मग धोटा इकडून तिकडे, मग तार तुटल्यावर माग बंद करून कारीगराने मुकादमाला दिलेली शिवी. शिवी मात्र मनातल्या मनात, नुसत्या ओठांनी, कारण सर असायचे. कल्याण नाक्यावरचा एसटीचा कंडक्टर, पद्मानगरच्या तेलुगू मावशी, निजामपुऱ्यातला चहावाला, अंजूरकडची आगरी भाषा, सगळ्यांचे आवाज त्याच्या गळ्यात. दर संमेलनात शेवटचा कार्यक्रम त्याचा असायचा, कारण त्याच्यानंतर दुसऱ्या कुणाचं काही चालायचंच नाही.

१९७३ चा डिसेंबर. आपलं शेवटचं स्नेहसंमेलन. त्याने कार्यक्रमपत्रिकेत नकलांच्या जागी लिहून दिलं, 'गायन'. आम्हाला वाटलं, ही नवी युक्ती. तो आला, स्वच्छ पांढरा सदरा घालून. पेटीवर जे सर होते त्यांना म्हणाला, काळी दोन. आणि गायला लागला 'अलबेला'मधली अंगाई. 'धीरे से आजा री अंखियन में'. त्या चित्रपटात ती लताबाईंच्या एकटीच्या आवाजातही आहे आणि चितळकरांबरोबरही आहे. एवढ्या धांगडधिंग्याच्या मध्ये इतकी हळू चाल, पिलूतली, कुणाला जाग येऊ नये अशी. त्याने ती तशीच धरली. आवाज काढला नाही, नक्कल केली नाही.

मी मागच्या बाजूला होतो, खुर्चीवर उभा. मला वाटलं, आता माग सुरू होणार. आता झोपलेल्या पोराच्या कानात धोटा वाजणार. दुसरी ओळ संपायच्या आत मी हसलो. साधं हसलो नाही, दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. मला उत्तम शिट्टी यायची. एक हसला की मांडव हसतो. हसला. पुढे बसलेले पाहुणेही हसले. परीक्षक म्हणून आलेले एक गृहस्थ तर रुमालाने डोळे पुसत होते.

तो थांबला. मला वाटतं, एक-दोन सेकंदच. मी त्याच्याकडे बघत होतो. मग त्याने काय केलं ते तुम्हाला आठवत असेल, कारण आजही चहाच्या वेळी दोघांनी मला ते सांगितलं. त्याने अंगाईच्या मध्येच माग सुरू केला. तार तुटली, मुकादम आला, पोर उठलं, रडलं, आणि वीज गेली. मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. 'वन्स मोअर' झाला. पहिलं बक्षीस, स्टीलचा डबा. आपल्या शाळेच्या संमेलनातला सर्वांत गाजलेला कार्यक्रम, असं मागच्या स्मरणिकेत छापलंय. ते मीच लिहिलं होतं.

त्यानंतर तो कधी स्टेजवर गेला नाही. अकरावी झाली, तो घरच्या कारखान्यात बसला, मी ठाण्याला बँकेत लागलो. आम्ही भेटायचो, पण गाण्याचा विषय निघाला नाही. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. गाणं सुटतं माणसाचं. माझी शिट्टीही सुटली, पुढचे दोन दात पडल्यावर.

पाच जानेवारी १९८२ ला सी. रामचंद्र गेले. तोपर्यंत त्यांचं आत्मचरित्र आलेलं होतं, 'माझ्या जीवनाची सरगम'. ते मी वाचनालयातून आणलं आणि परत करायला उशीर झाला म्हणून दंडही भरला. तेव्हापासून मला या माणसाचा नाद लागला. तबकड्या, कॅसेटी, मग सीडी, आता नातू फोनवर लावून देतो. एकदा मॅटिनीला 'अलबेला' पाहिला. अंगाई सुरू झाली तेव्हा माझ्या मागच्या रांगेत कुणीतरी शिट्टी मारली. तो बहुधा गीता बालीसाठी असेल. पण मी एकदम मागे वळून बघितलं, आणि बायको म्हणाली, काय झालं?

बारा-तेरा वर्षांपूर्वी आपल्याच एका मित्राच्या मुलीचं लग्न होतं, वंजारपट्टी नाक्याच्या पुढच्या हॉलमध्ये. पंगत उठायची होती. आम्ही दोघे बाहेर खुर्च्या टाकून बसलो होतो. बँडवाल्यांनी नेमकं 'शोला जो भडके' घेतलं. मी आपली माहिती सांगायला लागलो, बोंगो, ट्रंपेट, चिक चॉकलेट. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "ती अंगाई आई म्हणायची. सिलोनवर ऐकून पाठ केली होती तिने. आम्हा चौघा भावंडांना तिच्यावरच झोपवलं." मी म्हटलं, हो का? तो म्हणाला, "संमेलनाच्या वेळी ती ठाण्याला हॉस्पिटलात होती. सकाळी भेटून आलो होतो. म्हणाली, आज नकला नको करू, ते गा. कसं झालं ते मला येऊन सांग."

मी विचारलं, मग काय सांगितलंस?

"सांगितलं, पहिलं बक्षीस मिळालं. डबा दाखवला."

त्या पुढच्या महिन्यात त्या गेल्या. आपण सगळे वर्गातून त्यांच्या घरी गेलो होतो. मला आठवतं, कारण त्या दिवशी त्यांच्या घराखालचे माग बंद होते आणि सगळ्यांना आपोआप हळू बोलावं लागत होतं.

त्याने मला दोष दिला नाही. शिट्टी कुणाची होती हे त्याला माहीत आहे की नाही, ते मला अजून कळलेलं नाही. म्हणजे आता कळलं असेल. तेव्हा हॉलबाहेर मी सांगायला तोंड उघडलं, आणि आतून हाक आली, चला, पानं वाढलीत. मी जेवायला गेलो. श्रीखंड होतं. दोनदा घेतलं.

मी अनेकदा विचार केला, की तेव्हा तो दोन सेकंद थांबला आणि मग माग सुरू केला, ते का? लोकांना हवं ते दिलं म्हणून? भ्याला म्हणून? आता मला वाटतं, तो गाणं वाचवत होता. लोक आईच्या अंगाईला हसतायत हे त्याला चाललं नसतं. मग त्याने त्यांना हसायला दुसरं काहीतरी दिलं. मी चुकत असेन. तो इथेच आहे, तो सांगू शकेल. चितळकरांनीही 'संडे के संडे' गाताना वेगळं नाव का घेतलं असेल, याचाही विचार मी त्याच अंगाने करतो. पण ते मोठे लोक, त्यांच्याबद्दल मी पैज लावणार नाही. वडिलांचं काय झालं ते सांगितलंच आहे.

सूत्रसंचालक बाई दोनदा घड्याळाकडे बघून गेल्या आहेत. झालंच.

स्टेजच्या मागे पडद्याआड एक पेटी ठेवली आहे. आमच्या घरची आहे, मुलीसाठी घेतलेली, सकाळी रिक्षात मांडीवर घेऊन आणली. खड्ड्यांनी दोन पट्ट्या हलल्या असतील, पण भाता चांगला आहे. काल रात्री मी त्याला फोन केला होता. म्हटलं, उद्या गाशील का? म्हणाला, घसा बसलाय. मी म्हटलं, पन्नास वर्षं? तो हसला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. 'बघू' म्हणाला.

अरे, तू तिथे पंख्याखाली बसला आहेस, ऐकतोयस. ती शिट्टी माझी होती. एवढं सांगायला मी पंधराची पंचवीस मिनिटं घेतली आणि सी. रामचंद्रांना मध्ये घातलं. मी आता खाली पहिल्या रांगेत येऊन बसतोय, दोन्ही हात मांडीवर ठेवून. पेटीवर आपल्या वर्गातल्या ताई बसायला तयार आहेत. काळी दोन आता वर जाणार नाही तुझ्याच्याने, पांढरी एक घे. नकला नंतर कर, हव्या तेवढ्या.